मूठभर चणे आणि शंभरचं पेट्रोल

म्हैसूरमध्ये शंभर ऑक्टेनचं पेट्रोल हमखास मिळेल असा पंप माझ्या माहितीत एकच आहे, आणि 'हमखास' हा शब्द मी त्याच्यावर उपकार म्हणून वापरते आहे. महिन्यातले बरेच दिवस तिथल्या त्या वेगळ्या मशिनवर एक बादली उलटी घातलेली असते. बादली दिसली की माल संपला असं समजायचं आणि निमूटपणे गाडी वळवायची. मी निमूटपणे वळवत नाही. खाली उतरते, टँकर कधी येणार ते विचारते, आणि पंपावरचा माणूस "नाळे, मॅडम" म्हणतो. नाळे म्हणजे उद्या. हा उद्या मी गाडी घेतल्यापासून ऐकते आहे.

बादली नसेल त्या रविवारी सकाळी तिथं आमची एक छोटी सभाच भरते. कोडगूच्या डोंगरांकडे निघालेली एखादी मोठी जर्मन गाडी, दोन-तीन मोटारसायकली, मी, आणि एक निवृत्त गृहस्थ, जे आपल्या जुन्या स्कूटरला दर रविवारी लिटरभर शंभरचं पाजतात. तिच्या सांध्यांना बरं वाटतं म्हणे. स्कूटरला याचा काडीचाही उपयोग नाही, साधं घाला, असं मी त्यांना एकदा समजावायला गेले. त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं की मी कसली डॉक्टर. दातांची, म्हटल्यावर त्यांनी विषयच संपवला.

पण खरं तेच आहे. ऑक्टेनचा आकडा मोठा म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त, असं निम्म्या गावाला वाटतं. तसं नाही. तो आकडा सांगतो पेट्रोलचा धीर. टर्बोवालं इंजिन आत घेतलेल्या हवेला करकचून दाबतं, दाबल्यावर ती तापते, आणि साधं पेट्रोल त्या दाबाखाली ठिणगीची वाटच बघत नाही, आधीच पेटतं. मंगलाष्टकं संपायच्या आत एखाद्या उतावळ्या पाहुण्यानं अक्षता फेकाव्यात, तसं. मग इंजिन आतून टकटक करायला लागतं. हल्लीच्या गाड्यांमध्ये ही टकटक ऐकणारा सेन्सर असतो. तो ठिणगी उशिरा पाडायला लावतो, इंजिन वाचतं, पण गाडी मंदावते, अंगात कसकस असल्यासारखी चालते. शंभरचं पेट्रोल थांबून राहतं, ठिणगी पडली की मगच पेटतं, आणि गाडी जशी पळायला बनवली तशी पळते. एवढाच त्याचा फायदा. ज्या इंजिनात मुळात एवढा दाबच नाही, त्याला हा धीर लागतच नाही. नवऱ्याच्या साध्या गाडीत मी एकदा हौसेनं शंभरचं भरलं होतं. त्याला फरक कळला नाही, गाडीलाही नाही.

माझी गाडी मात्र दाबवाली आहे. दोन वर्षांपूर्वी वापरलेली घेतली. दिसायला साधी, करड्या रंगाची, पाठीमागून बघितली तर भाजी आणायला निघालेली वाटते. पेट्रोलच्या झाकणाच्या आत बारीक अक्षरांत लिहिलंय, कमीत कमी पंच्याण्णव. आपल्याकडच्या साध्याचा आकडा एक्क्याण्णव धरतात. दिवसभर मी लोकांना तोंड उघडायला लावून आत वाकून बघत असते. संध्याकाळी ही गाडी रिंग रोडला लागली आणि पायाखाली तिनं जोर धरला की माझी आखडलेली मान आपोआप सुटते. हे मी फिजिओथेरपी करणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं, तर तिला राग आला.

नवऱ्याला या गाडीचा कंटाळा यायला लागला होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून मला त्याचा जास्त राग येई. तो पाटबंधारे खात्यात इंजिनियर आहे, स्वभावानं धरणासारखा संथ. तो म्हणायचा, सगळ्या शहरात एकाच पंपावर जेवणारी गाडी म्हणजे पथ्याचा पाहुणा. बादली असली की गाडी दारात उभी, आणि गाडी उभी असली की तू घरात धुसफुसत. त्याचा कडेलोट ऑगस्टमध्ये झाला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी बायकांच्या ऑटोक्रॉसमध्ये नाव घातलं. ऑटोक्रॉस म्हणजे शहराबाहेरच्या मैदानावर मातीत एक वळणावळणाची वाट आखतात, आणि एकेकानं घड्याळ लावून ती पळायची. सरावाच्या दिवशी पंपावर बादली होती. साध्या पेट्रोलवर गेले. पहिल्या फेरीत ठीक, दुसरीत ऊन चढलं, इंजिन तापलं, आणि शेवटच्या फेरीत गाडीनं अंगच टाकलं. एका चिमुकल्या गाडीतली कॉलेजची मुलगी वेळेत माझ्या पुढं गेली आणि वर मला "आंटी, सूपर" म्हणाली.

घरी येऊन मी रागारागात म्हटलं, विकून टाका ही गाडी. नवऱ्यानं ते कानाआड करायला हवं होतं. त्यानं बंगळुरूचं एक गिऱ्हाईक शोधलं.

मग मी वरमले, तो अडून बसला, दोन दिवस जेवणात मीठ कमी-जास्त झालं, आणि शेवटी करार ठरला. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, खरी स्पर्धा होती. त्या दिवशी शंभरच्या पेट्रोलवर गाडी शेवटच्या फेरीपर्यंत दमली नाही तर ठेवायची. दमली तर सोमवारी बंगळुरूचा तो माणूस येणार आणि घेऊन जाणार. मी कितवी येते याचा संबंध नाही. मी हो म्हटलं. रागात दिलेला शब्दही शब्दच असतो असं आमच्या घराण्यात मानतात. मला ही प्रथा अजिबात आवडत नाही.

घराण्याचं म्हणजे असं. आम्ही जुन्या म्हैसूरच्या रिसाल्यातले. कधी काळी घोड्यावर बसून मराठी मुलखातून इकडे आलो आणि राहिलो. घोडे गेले, मराठी राहिली, तीही अर्धी कन्नडात बुडवलेली. अग्रहारात आमचं घर, खाली माझा दवाखाना, वर आम्ही तिघं: मी, नवरा आणि आत्या. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. ब्याऐंशी वर्षांची आहे, आयुष्यभर तिनं शाळेत मुलींना शिवण शिकवलं, लग्न केलं नाही, आणि मला वाढवण्यात आईइतकाच तिचा हात. नवरा तिच्या शब्दाबाहेर नाही. माझ्या शब्दाबाहेर तो बराच असतो.

खंडेनवमीला सगळं म्हैसूर आयुधपूजा करतं, पण आमच्यात एक जास्तीचं आहे, ते म्हणजे चंदी. चंदी म्हणजे घोड्याचा खुराक. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं घरच्या वाहनाला आपल्या हातानं मूठभर भिजवलेले चणे आणि गूळ द्यायचा, तोवर कुणी जेवायचं नाही. घोड्यांनंतर ती मूठ आजोबांच्या सायकलला मिळाली, मग वडिलांच्या स्कूटरला. गेल्या वर्षी आत्या माझ्या गाडीसमोर मूठ घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, ह्याचं तोंड कुठं? मी पेट्रोलचं झाकण उघडून दाखवलं. ती दाणे नळीतच टाकायला निघाली होती, मी वेळेवर हात धरला. मग तिनं चार दाणे झाकणाजवळ टेकवले, चाकाला गूळ लावला आणि जेवायला गेली. एरवी ती गाडीला हातही लावत नसे. तिच्यात बसायचं तर नावच नको. जमिनीवर बसल्यासारखं होतं म्हणायची, आणि उठवायला दोन माणसं लागतात.

यंदा स्पर्धेसाठी मी टाकी मुद्दाम रिकामी होऊ दिली होती. नारिंगी दिवा लागलेला होता, पंपावर टँकर येऊन गेला होता, बादली नव्हती. बेत असा की दसऱ्याला सकाळी जाऊन तळापासून शंभरचं भरायचं, आणि रविवारी सगळ्यांना दाखवायचं.

खंडेनवमीच्या सकाळी मी दवाखान्यात चिमटे, आरसे आणि दात काढायच्या पक्कडी धुऊन पाटावर मांडत होते. बाहेर आले तर गाडी दारात धुऊन उभी. पुढं केळीचे खुंट, झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. शेजारी नवरा, तोही अंघोळ केलेला, आणि भलताच प्रसन्न. म्हणाला, टाकी गच्च भरून आणली. मी विचारलं, कुठून? कोपऱ्यावरच्या पंपावरून. कसलं? साधं.

मी हातातली पक्कड खाली ठेवली. मग बोलले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण समोरच्या घरातल्या बाई कोहळा फोडायचा थांबून ऐकत होत्या. नवऱ्याचं म्हणणं एकच, आत्याबाईंनी सांगितलं. आजच्या आज, पूजेच्या आधी, काठोकाठ भरून आणा म्हणाल्या. दसऱ्याच्या गर्दीत रिंग रोडच्या पंपापर्यंत जाऊन यायला दुपार झाली असती, आणि टाकी ती टाकी, असं त्याला वाटलं. इंजिनियर माणूस.

आत्या गॅलरीतून खाली बघत होती. माझा आवाज जरा उतरल्यावर म्हणाली, "पोट भरलंय न्हवं त्याचं? मग सुम्ने का वरडतीस?"

सुम्ने म्हणजे उगीच. शर्यतीच्या आधी घोड्याला काहीही चारत नाहीत, हे मी तिला वरच्या पट्टीत सांगितलं. ती म्हणाली, घोडे मी पाहिलेत, तू न्हाईस. पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. ती जिन्यानं खाली आली, चणे झाकणाजवळ टेकवले, कोहळा फोडला, आणि आम्ही जेवायला बसलो. आता आमच्याकडे पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याच्या पूजेपर्यंत हलवत नाहीत, म्हणजे गाडी उद्यापर्यंत तिथंच. वास्तविक एरवी आत्याचं मूठभर चण्यांवर भागतं. यंदाच एवढी काठोकाठ टाकी कशाला, हा प्रश्न मला त्या रागात पडायला हवा होता. मी तो परस्पर सोडवून टाकला होता: रविवारी घोडं पळणार, म्हणून म्हातारीनं चारलं.

दुपारी रिक्षा करून मेकॅनिककडे गेले. गॅरेज फुलांनी भरलेलं. पाने, जॅक, वेल्डिंगचं मशिन, सगळं हळदकुंकू लावून रांगेत बसवलेलं, आणि मेकॅनिक पांढऱ्या लुंगीत चुरमुरे वाटत होता. टाकी रिकामी करून देतोस का, विचारल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच शरमले. आयुधपूजेला पाना उचलायला म्हैसूरमध्ये कुणी तयार होणार नाही, पाहिजे तर शहरभर फिरून बघा, म्हणाला. दसऱ्याला तर मिरवणुकीमुळे रस्तेच बंद. नळी घालून ओढून घेता येईल का? तर नाही, आत जाळी असते, टाकी खालून उतरवावी लागते. मग चुरमुऱ्यांची पुडी माझ्या हातात देत तो म्हणाला, सुट्टीच आहे ना मॅडम, जाळून टाका. भरपूर फिरून या.

रिक्षात बसून मी हिशेब केला. सगळं जाळायची गरज नव्हती. एक्क्याण्णव आणि शंभर अर्धं-अर्धं मिसळलं तर पंच्याण्णवच्या जरा वरच येतं, आणि झाकणात लिहिलंय पंच्याण्णव. म्हणजे अर्धी टाकी खपवायची. दसऱ्याच्या दिवशी, सगळं जग म्हैसूरमध्ये येत असताना, म्हैसूरच्या बाहेर जाऊन.

हे ऐकून आत्या म्हणाली, मग बेट्टदपुरला चल. दसऱ्याला शीव ओलांडायचीच असते, आपले लोक ह्याच दिवशी स्वारीला निघायचे. मी म्हटलं, आत्या, गाडी खाली आहे, तुला बसवणार नाही. ती म्हणाली, बसवंल.

तिला बसवायला खरंच दोन माणसं लागली. नवरा घरी राहिला, पाहुणे यायचे होते म्हणून, आणि मला वाटतं माझ्या शेजारी बसायला लागू नये म्हणूनही. सकाळी पूजा मोडली, लिंबं चाकांखाली चिरडली, आणि आम्ही हुणसूरच्या रस्त्याला लागलो. समोरून गाड्या, बस, ट्रॅक्टर भरभरून म्हैसूरकडे येत होते. आमच्या दिशेला कुणीच नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी पेट्रोलचा काटा खाली यावा म्हणून बघत होते, आणि तो काही केल्या हलेना. आत्या शेजारी पट्टा बांधून बसलेली, मांडीवर चित्रान्नाचा डबा. जरा जोर दिला की ती डब्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, मेल्ल, मेल्ल. हळू, हळू. या वेगानं गाडी इतकं कमी पेट्रोल पिते हे मला माहीतच नव्हतं. एरवी याचा आनंद झाला असता.

बेट्टदपुरला टेकडी समोर दिसली, वर देऊळ. त्या पायऱ्या चढणं आत्याच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं, तिनं खालूनच हात जोडले. आम्ही झाडाखाली गाडीचं मागचं दार वर करून त्याच्या काठावर बसलो आणि चित्रान्न खाल्लं. वारा छान होता. माझा राग कालच संपला होता, पण मी तो अजून थोडा दाखवत होते. आणि मग आत्यानं, मी काही विचारलेलं नसताना, घोड्याची गोष्ट सांगितली.

आजोबा महाराजांच्या रिसाल्यात सवार होते, एवढं मला माहीत होतं. त्यांचा घोडा काळसर तांबडा होता, हे माहीत नव्हतं. आत्या आठ-नऊ वर्षांची असेल. रोज संध्याकाळी आजोबा तिला तबेल्यात न्यायचे आणि ती त्याला मूठभर चणे द्यायची. ओठांनी तो दाणे उचलायचा, दात लागू द्यायचा नाही. रिसाला मोडला तेव्हा घोडे विकायला काढले. ज्या दिवशी त्याला नेणार होते त्या सकाळी ती नेहमीसारखी चणे भिजवून गेली. नेणारा माणूस म्हणाला, लांब चालायचंय, आज काही चारू नका, पोट दुखेल. आजोबांनी तिच्या ओंजळीतले चणे काढून घेतले.

"मी मूठ पुढं केली, रिकामीच. सवयीनं गं," आत्या म्हणाली. "त्यानं उघडून बघितली. दोन वेळा बघितली. मग घेऊन गेले."

एवढंच सांगितलं. डबा बंद केला, पदरानं तोंड पुसलं, आणि आता निघू म्हणाली. मी तिचा पट्टा नीट लावून दिला.

परतताना एका सरळ, रिकाम्या रस्त्यावर ती म्हणाली, "जरा पळव की. बघू तरी काय करतंय ते."

मी पळवलं. टर्बोची शिट्टी वाजली, साध्या पेट्रोलवर जेवढी उडी घेता येते तेवढी गाडीनं घेतली. आत्यानं डबा घट्ट धरला, पण या वेळी मेल्ल म्हणाली नाही. वेग उतरल्यावर तिनं फक्त विचारलं की यापेक्षा जोरात जातं का. मी म्हटलं, शंभरचं असलं की जातं. तिनं मान हलवली. हुणसूर मागं पडलं तरी काटा अर्ध्याच्या वरच होता, म्हणून शहरात न शिरता रिंग रोडनं वळसा घालून वरुणा गावाकडे गेलो, उसाच्या शेतांमधून उगीच फिरलो, एका घरासमोर थांबून ताक प्यालो. ताक देणाऱ्या बाईंनी विचारलं, दसरा सोडून इकडे कुठं? आत्या म्हणाली, पेट्रोल संपवतोय. त्या बाईंनी आम्हाला आणखी ताक दिलं.

दिवेलागणीला काटा अर्ध्यावर आला आणि आम्ही पंपावर पोचलो. मशिनवर बादली नव्हती. सगळं शहर मिरवणुकीला गेलेलं, पंपावरचा माणूस एकटाच मोबाईलवर तीच मिरवणूक बघत होता. मी म्हटलं, शंभरचं, फुल. तो नळी लावायला लागला, आणि आत्यानं काच खाली करून माझी बाही ओढली.

"सोमवारी येणारा माणूस बरा हाय न्हवं?"

मी विचारलं, कोण माणूस? म्हणजे मला कळलं होतं, पण तिला कसं कळलं ते कळेना. आम्ही तिला विक्रीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

"तुझा नवरा फोनवर बोलत होता. सोमवारी या, गाडी घेऊन जा म्हणून." तिनं पंपाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "घरातनं जाणारं जनावर उपाशी जाऊ नये. म्हणून सांगितलं त्यांना, काठोकाठ भरा. तुझ्या शर्यतीचं माझ्या डोक्यातच न्हवतं."

तिथं, पेट्रोलच्या वासात, मला रडू आलं. पंपावरच्या माणसाला वाटलं भाव वाढल्यामुळे, त्यानं दोन शब्द धीराचेही सांगितले. मी आत्याला म्हटलं की अजून काही नक्की नाही, उद्यावर आहे. उद्या गाडी शेवटपर्यंत दमली नाही तर ती राहणार. आत्यानं यावर थोडा विचार केला.

"मग सगळं शर्यतीवर हाय, हे आधी का न्हाई सांगितलंस?" ती म्हणाली. "दमून कसं चालंल. नीट भर म्हणावं त्याला."

रविवारी मैदानावर ती आली. खुर्ची, छत्री आणि नवरा, तिघांनाही बरोबर घेऊन. ऊन ऑगस्टपेक्षा कडक होतं. मी पहिली फेरी सांभाळून घेतली, दुसरीत जरा सैल सोडलं, आणि शेवटच्या फेरीत, ज्या वळणावर मागच्या वेळी गाडीनं अंग टाकलं होतं, तिथं मी पाय दाबला आणि कान देऊन ऐकत राहिले. टकटक नाही. सुस्ती नाही. पायाखाली तोच भरलेला जोर, सकाळी पहिल्या फेरीला होता तसाच. वळणातून बाहेर पडताना मागची चाकं मातीत थोडी सरकली आणि मी एकटीच आत मोठ्यानं हसले. पहिली आले नाही. ती कॉलेजची मुलगी आली, आणि तिनं या वेळीही आंटी म्हटलं.

नवरा दोरीपाशी उभा होता. मी गाडीतून उतरून त्याच्याकडे बघितलं. करार त्यालाही पाठ होता. त्यानं खिशातून फोन काढला, चार पावलं बाजूला गेला आणि बंगळुरूच्या माणसाला सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं. या वेळी मुद्दाम मोठ्यानं, आत्याला ऐकू जाईल असं.

संध्याकाळी घरी गाडीवरची माती धुवायला मी पाइप घेऊन उभी होते. आत्या जिना उतरून आली, एक हात कठड्याला, एक हात मिटलेला. मी म्हटलं, आत्या, खंडेनवमी झाली.

"ती झाली. हे रोजचं," ती म्हणाली. "राहणाऱ्याला मूठभर पुरे. उघड तोंड त्याचं."

मी झाकण उघडलं. नळीचं बूच घट्ट आहे ना ते बघितलं. तिनं आपली मूठ तिथं नेली, बोटं सोडली, आणि दाणे उतरेपर्यंत हात तसाच धरून ठेवला. मग तिनं स्वतःच झाकण लावलं, त्यावर दोनदा थोपटलं आणि वर निघून गेली.

पुढच्या रविवारी मी पंपावर गेले. त्या माणसानं झाकण उघडलं तर आतून आठवड्याचे चणे घरंगळून त्याच्या पायांवर पडले, काही तर मोड आलेले. स्कूटरवाले गृहस्थ शेजारी उभे होते. त्यांनी चण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं की यानं खरंच काही फरक पडतो का.

मी म्हटलं, पडतो.